निमुळत्या दातांवरचं बाँडिंग: 14 महिन्यांनंतर

बाँडिंगनंतर अकराव्या महिन्यात डाव्या दातावर चढवलेल्या थराचा कोपरा उडाला. बटण लावताना दोरा दातांनी तोडला आणि लगेच जिभेला धारदार कड लागली. त्याच रात्री रागारागात हा अनुभव लिहायला घेतला होता. तेव्हा अर्धवट ठेवला ते बरंच झालं, कारण पुढच्या तीन महिन्यांत माझं मत बदललं.

वरच्या जबड्यात समोरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचे माझे दोन्ही दात निमुळते आहेत, खुंटीसारखे. डॉक्टरांच्या भाषेत पेग लॅटरल. ज्यांचे असे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको: बाकी दात सरळ असूनही दोन्हीकडे फटी दिसतात आणि फोटो काढताना ओठ आपोआप मिटतात.

कॅपचा पर्याय मी पहिल्याच दिवशी सोडला. मुळात लहान असलेला दात चारी बाजूंनी घासून आणखी लहान करायचा, हे मला पटेना. व्हेनिअरवर मात्र बरेच दिवस अडले होते. पोर्सिलेनचा तो पातळ पापुद्रा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि खुंटीसारख्या दाताभोवती जागा मोकळीच असल्यामुळे बऱ्याचदा दात फारसा घासावाही लागत नाही. पण लॅबचं काम, जास्त फेऱ्या आणि खर्च कितीतरी अधिक. म्हणून कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरायचं साहित्य, वापरून बाँडिंग केलं. दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खरखरीत करायचा, वर कॉम्पोझिटचे थर द्यायचे, प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करायचा. सुई लागली नाही. एका बैठकीत दोन्ही दात झाले आणि आरशात बघून मला रडू आलं.

रंग छान जुळला. दात कोरडे पडले की पांढरे दिसतात, म्हणून डॉक्टरांनी काम सुरू करण्याआधीच शेड ठरवली होती. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी करा आणि मध्ये साधारण दोन आठवडे जाऊ द्या. कॉम्पोझिट नंतर ब्लीचने उजळत नाही.

आता खरी तक्रार. उजव्या दाताची हिरडीलगतची कड.

निमुळता दात हिरडीपाशी अरुंद असतो. त्याला रुंद करायचं तर कॉम्पोझिट हिरडीच्या अगदी काठापासून हळूहळू पसरत आणावं लागतं. माझ्या उजव्या दातावर ते एकदम बाहेर आलं होतं, खाली छोटा कठडा झाल्यासारखं. दिसायला काहीच नाही. पण फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, आत सहज जायचा आणि बाहेर येताना अडकायचा, दोरा पिंजायचा, कधी तुटायचा. दुसऱ्या महिन्यात तिथली हिरडी सुजली, ब्रश लागला की रक्त. मी दोनदा त्याच दवाखान्यात गेले. दोन्ही वेळा उत्तर एकच: सवय होईल, नीट ब्रश करा. तिसऱ्यांदा फोन केला तर पुन्हा पॉलिश करायचे वेगळे पैसे पडतील म्हणाले. त्यांच्याच कामातली कड घासायला मी पैसे का द्यायचे? या एका गोष्टीसाठी मी सहा महिने चिडलेली होते.

शेवटी कोपरा उडाला तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी फ्लॉस घालून बघितला, मग एक्स-रे काढला आणि दातांच्या मधून बारीक खरखरीत पट्टी फिरवून ती कड उतरवली. पंधरा मिनिटं! दोन आठवड्यांत रक्त थांबलं.

आणि इथेच मत बदललं. त्या रात्रीच्या मजकुरात मी 'व्हेनिअरच करायला हवं होतं' असं लिहून ठेवलं होतं. पण उडालेला कोपरा त्याच बैठकीत भरून झाला, जुन्या कॉम्पोझिटवर नवीन चिकटवून, आणि सांधा मला स्वतःला शोधूनही सापडत नाही. व्हेनिअर असं तुटलं असतं तर बहुधा अख्खं नवीन करावं लागलं असतं. शिवाय आतला माझा दात जसाच्या तसा आहे. पुढे व्हेनिअर हवंच वाटलं तर तो रस्ता मोकळा आहे. कॉम्पोझिट व्हेनिअरइतकं टिकत नाही, चमकही लवकर उतरते. माझी वर्षभरात थोडी मंदावली होती, पॉलिशने परत आली.

एक चूक माझी. उजवीकडची फट डावीपेक्षा मोठी होती. आधी तारा लावून दोन्ही फटी सारख्या करून घ्या, असं पहिल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पैसे आणि वेळ वाचवायला मी नको म्हटलं. आता उजवा दात डाव्यापेक्षा जरा रुंद दिसतो. इतरांच्या लक्षात येत नाही, मला रोज दिसतो. तेवढं सोसायची तयारी नसेल तर ती पायरी गाळू नका.

दोरा आता कात्रीनेच कापते. पुढच्या तपासणीला फ्लॉस सोबत नेणार आहे, आणि खुर्चीतून उठण्याआधी दोन्ही दातांच्या चारही कडा स्वतः तपासून घेणार.