आठ महिने उशाशी असलेलं नॉर्वेच्या गोष्टींचं पुस्तक

नॉर्वेच्या लोककथांचा हा इंग्रजी खंड मी गेल्या श्रावणात मागवला, लेकीला रात्री काहीतरी नवं सांगता यावं म्हणून. आता शिमगाही होऊन गेला. मी इंग्रजीतून वाचायचे आणि तिला मराठीत सांगायचे, असं करत पुस्तकाच्या दोन फेऱ्या झाल्या.

आधी तक्रार सांगते. दुसऱ्याच महिन्यात मधली पानं सुटायला लागली. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. शेवटी गल्लीतल्या बाइंडरकडून शिवून घेतलं, तेव्हापासून पुस्तक ठणठणीत आहे. रोज हाताळणार असाल तर पुठ्ठा बांधणीचीच प्रत घ्या. दुसरी उणीव मोठी आहे. या लोककथा दोघा मित्रांनी गोळा केल्या; त्यांतल्या आस्ब्यर्नसनने १८४५ पासून काढलेल्या हुल्डरकथा यात नाहीत. हुल्डर म्हणजे गाईची शेपटी असलेली रानातली बाई. त्या कथांत गोष्टीच्या आधी माणूस भेटतो: कबरी खोदणारा म्हातारा, शिकारी, चुलीपाशी बसलेली मंडळी. मी त्या वेगळ्या मिळवून वाचल्या आणि मगच या मुख्य खंडाची खरी चव कळली.

पहिल्या फेरीत मी प्रस्तावना सरळ गाळल्या होत्या. तुम्ही गाळू नका. त्या वाचल्यावर पेटर क्रिस्टेन आस्ब्यर्नसन या माणसाने मला असं धरलं, की मिळेल तिथून त्याच्याविषयी वाचत गेले. जन्म १८१२ चा, क्रिस्टियानियातला, म्हणजे आजच्या ओस्लोतला. वडील काचा बसवायचं काम करत. परीक्षेच्या तयारीला त्याला रिंगेरिके भागात नोर्डरहोवला पाठवलं, तिथे यर्गन मू भेटला. हा शेतकऱ्याचा मुलगा, वर्षाने लहान. मू पुढे बिशप झाला, पण मैत्री आणि गोष्टी दोन्ही टिकल्या.

या दोघांनी केलं काय? नॉर्वे १८१४ साली डेन्मार्कपासून सुटला, तरी लिहायची भाषा डॅनिशच राहिली होती. शेतावरचा माणूस बोलायचा एक आणि छापलं जायचं दुसरंच. १८४१ पासून पुस्तिकांमधून या गोष्टी काढताना त्यांनी लेखन डॅनिश ठेवलं, पण शब्द आणि वाक्याची चाल मात्र सांगणाऱ्यांच्या तोंडची आणली. म्हणूनच या गोष्टी मोठ्याने सांगताना जीभ अडखळत नाही. भाषांतरातही तो ठेका उरलाय. शेवटी ‘स्निप, स्नाप, स्नूते’ आलं, की आमच्याकडे लगेच ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ होतं.

घरातली सगळ्यात लाडकी गोष्ट आस्केलाडनची, चुलीच्या राखेत बसणाऱ्या धाकट्या पोराची. तो चीजचा गोळा हातात दाबून पाणी काढतो आणि ट्रोलला, म्हणजे नॉर्वेच्या गोष्टींतल्या रानातल्या धिप्पाड जिवाला, सांगतो, हा दगड आहे. मग दोघांची लापशी खायची पैज लागते. पोरगा पोटावर बांधलेल्या पिशवीत लापशी ओततो, भरली की पिशवी सुरीने फाडतो आणि ट्रोललाही तसंच करायला सांगतो. पहिल्या रात्री मी ‘ट्रोल’ला ‘राक्षस’ म्हटलं होतं. जमलं नाही. आपला राक्षस इतका भोळा नसतो. आता ट्रोल ट्रोलच आहे. दुसऱ्या दिवशी लेकीने ओलं पनीर मुठीत दाबून ओटाभर पाणी केलं, मी एका शब्दाने बोलले नाही.

गोष्टींवर पोट भरत नसावं, कारण आस्ब्यर्नसनने वनाधिकाऱ्याची नोकरीही केली. त्याआधी तो समुद्रातले प्राणी शोधत होता. १८५३ मध्ये हार्डांगर फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, खोल पाण्यातून त्याने एक तारामासा वर काढला आणि तिकडच्या पुराणकथांतल्या फ्रेया देवीच्या हारावरून त्याला ‘ब्रिसिंगा’ नाव दिलं. हे वाचून मला फार आनंद झाला. तारामाशातही त्याला गोष्टच दिसली!

पण १८६४ चं त्याचं स्वयंपाकाचं पुस्तक मला पटत नाही. टोपणनावाने लिहिलेल्या त्या पुस्तकात त्याने गावाकडच्या बायकांना सुनावलं, की लापशी उतरवताना शेवटी जे पीठ घालता ते वाया जातं. समाजाचा अभ्यासक आयलर्ट सुंड्ट बायकांच्या बाजूने उभा राहिला आणि मोठा वाद पेटला. ज्या चुलींपाशी बसून गोष्टी ऐकल्या, तिथल्या हातांवर याने इतका अविश्वास दाखवावा, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

सासूबाईंना हा वाद सांगितला. त्या तेव्हा पीठ पेरून सिमला मिरचीची भाजी करत होत्या. झाकण ठेवत म्हणाल्या, “वाफ नीट दिली की पीठ वाया जात नाही गं. त्याला कुणी करून वाढलं नसेल.”

घ्यायचं असेल तर जरूर घ्या. सुरुवात लापशीच्या पैजेपासून करा, आणि वाचून दाखवू नका, सांगा.