बोलणारा डबा, नऊ महिन्यांनंतर : पैसे वाचले, पण एक जुनं गिऱ्हाईक तुटता तुटता राहिलं

मागच्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, ऐन गर्दीत, काउंटरवरचा साउंडबॉक्स, म्हणजे मोबाईलवरून पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणारा डबा, बंद पडला. चार्जिंगला लावला तरी दिवा लागेना. मी घाईघाईने मोबाईलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि वर दिसला तो पहिलाच लावला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलत होता. म्हणाला, "मॅडम, तुमचा बॉक्स ब्लॉक झालाय. मी सांगतो ते ॲप टाका, त्यात आकडे दिसतील ते सांगा, इथून चालू करून देतो." ॲप उतरायलाही लागलं होतं. शेजारी भडंग जोखत असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "डबा बिघडलाय ना? मग मोबाईलमध्ये काय घालायला लावतोय तो?" मी फोन कट केला. ते आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप होतं. आकडे सांगितले असते तर माझा मोबाईल त्याच्या हातात गेला असता. कंपनीचा खरा नंबर कंपनीच्याच ॲपमध्ये 'मदत' खाली होता, तो घरी आल्यावर सापडला.

म्हणून आज लिहायला बसले.

आमचं सांगलीत भडंग आणि फरसाणाचं छोटं दुकान आहे. गेल्या गणपतीत एकाने आठ किलो भडंग नेलं, १,८४० रुपयांचं. मोबाईलवर हिरवी खूण, आमच्या दुकानाचं नाव, रक्कम, सगळं दाखवलं. रात्री हिशेब जुळेना तेव्हा कळलं की पैसे आलेच नव्हते. नाव आणि रक्कम भरली की हुबेहूब तसा पडदा दाखवणारी खोटी ॲप मिळतात. बँकेत गेलो, तर व्यवहारच झालेला नाही म्हटल्यावर त्यांनी तरी माग कशाचा काढायचा? दसऱ्याआधी डबा घेतला. भाडं महिन्याला १२५ रुपये. भडंगाच्या धंद्यात १२५ रुपये थोडे नाहीत, आणि दर महिन्याला ते कापले गेले की मला आजही टोचतं.

आवाज मात्र आवडला. सुरुवातीला हिंदीत बोलायचा, ॲपमधून मराठी करून घेतला. सासूबाईंना चष्म्याशिवाय मोबाईल दिसत नाही. "एकशे पंधरा रुपये प्राप्त झाले" ऐकू आलं की त्या पुडी हातात देतात. हात तेलाचे असतात, मोबाईलला शिवावं लागत नाही. दुसऱ्याच महिन्यात एका पोराने पुन्हा तसाच पडदा दाखवला. डबा गप्प, सासूबाई गप्प, पुडी काउंटरवरच. पोरगं "येतो" म्हणून गेलं. ६०० रुपये वाचले. त्या दिवशी मी सगळ्या नात्यात सांगत सुटले की प्रत्येकाने हा घ्या.

पण मला खरं लिहायचंय ते त्या गप्प राहण्याबद्दल. पैसे गेले आणि डबा बोलला, यात कधी दोन सेकंद जातात, कधी चाळीस. रांगेत पाच माणसं असताना चाळीस सेकंद फार मोठे असतात. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून उभं, आपण डब्याकडे बघतोय. खोट्या माणसाला तेवढ्यात सटकता येतं आणि खऱ्याला वाटतं, आपल्याला चोर समजतायत.

दिवाळीत तेच झालं. आमच्याकडे कितीतरी वर्षांपासून येणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी ४८० रुपये पाठवले, डबा बोललाच नाही. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "असले फोटो लई बघितलेत." गुरुजींनी पिशवी ठेवली, रोख पैसे काढून दिले आणि निघून गेले. रात्री गूगलवर आमच्या दुकानाला पाचपैकी एकच तारा पडला. खाली एकच ओळ होती, जुन्या गिऱ्हाइकाला चोर ठरवतात अशी.

मी आठवडाभर डब्याला आणि कंपनीला शिव्या घातल्या. मग मिस्टरांनी स्वतःचं खातं बघितलं. त्यात ४८० रुपये त्याच वेळी जमा होते. गुरुजींनी क्यूआर स्कॅन केलाच नव्हता. त्यांच्या मोबाईलमध्ये मिस्टरांचा नंबर जुनाच होता, त्यावर पाठवले. डबा फक्त स्वतःच्या क्यूआरवर आलेले पैसे बोलतो, हे आम्हाला घेताना कुणी सांगितलं नव्हतं. मिस्टर ४८० रुपये घेऊन त्यांच्या घरी गेले, सासूबाईही गेल्या. गुरुजींनी तारा स्वतःहून बदलला.

तेव्हापासून डब्याविषयीचं माझं मत बदललं. तो बोलला तर पैसे आले हे नक्की. गप्प राहिला तर त्यावरून गिऱ्हाईक खोटं ठरत नाही. आता आम्ही म्हणतो, "नेट हळू आहे, तो बारा आकडी नंबर दाखवता का?" आणि ॲपमधल्या जमा यादीत तो बघतो. शिवाय डबा मागच्या फळीवर, स्टीलच्या डब्यांआड होता. आत सिम असतं, तिथे त्याला रेंजच मिळत नव्हती. पुढे काचेजवळ ठेवला आणि उशीर निम्म्याहून कमी झाला.

दुसऱ्याच क्यूआरवर पैसे गेले तर डबा गप्प राहतो, याचा फायदाही आहे. खजुराहोत जानेवारी २०२५ मध्ये रात्रीतून दुकानांच्या क्यूआरवर दुसरे क्यूआर चिकटवले होते. आम्ही रोज शटर उघडलं की स्टिकरच्या कडेवर नख फिरवून बघतो आणि पहिला एक रुपया स्वतः पाठवतो.

मात्र ताऱ्यांच्या बाबतीत डबा काही करू शकत नाही. जानेवारीत दोन रात्रींत अनोळखी नावांचे सहा एक-तारे पडले. एकातही चवीबद्दल अक्षर नाही. मग व्हॉट्सॲपवर निरोप आला, पाच हजार द्या, काढतो. दिले नाहीत. प्रत्येकाची गूगलकडे तक्रार केली, निरोपाचे फोटो जपले, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. सहापैकी चार गेले, दोन अजून आहेत. त्यांच्याखाली मी नम्रपणे लिहिलंय की या तारखेला तुमची खरेदी आमच्याकडे दिसत नाही. गूगलवरचा दुकानाचा फोन नंबर बदलायला कुणीही सुचवू शकतं, म्हणून तोही महिन्याला बघते.

बंद पडलेल्या डब्यासाठी कंपनीचा मुलगा चौथ्या दिवशी आला आणि बदलून देऊन गेला. मधल्या चार दिवसांचं भाडं कापलंच. सोळा-सतरा रुपये असतील, पण मी तक्रार नोंदवली आहे आणि ते परत आल्याशिवाय सोडणार नाही.

नवा डबा पुन्हा हिंदीत बोलतोय. "उनासी" म्हणजे एकोणऐंशी की एकोणसत्तर, यावर सासूबाई काल दोनदा अडखळल्या. आज रात्री दुकान बंद करून आधी तो मराठी करायचाय.