आधी मंगळाची स्वारी की दूरच्या पृथ्वीची गाणी?

अंतराळावरचा सिम्फॉनिक रॉक, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या थाटातला रॉक, ऐकायचाय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी दोन अल्बम पुढे ठेवतो. जेफ वेनचा 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१९७८) आणि माइक ओल्डफील्डचा 'द साँग्ज ऑफ डिस्टंट अर्थ' (१९९४). दोन्हींच्या मुळाशी विज्ञानकादंबरी आहे. वेनने एच. जी. वेल्सची १८९८ सालची घेतली, ओल्डफील्डने आर्थर क्लार्कची १९८६ सालची. जयंत नारळीकरांच्या या जन्मगावात, कोल्हापुरात, विज्ञानकथेचे वाचक शोधत फिरावं लागत नाही, तेव्हा गोष्टीची ओढ दोन्हीकडे आहेच. ऐकण्याची तऱ्हा मात्र पार वेगळी.

कोल्हापूरकराने आधी वेन ऐकावा, असं माझं ठाम मत आहे. कारण संगीत नाटक. गायकनट केशवराव भोसल्यांच्या गावातल्या कानाला सवय असते, की ऐन प्रसंगात गोष्ट थांबते, पात्र पद म्हणतं आणि मग नाटक पुढे सरकतं. इथे तेच घडतं. मंगळावरचे जीव पृथ्वीवर चाल करून येतात, आणि ती गोष्ट सांगणारा पत्रकार म्हणजे रिचर्ड बर्टनचा आवाज. तो जीव मुठीत धरून प्रेयसीच्या घरी पोचतो, तर घर रिकामं. बाहेर अख्खं लंडन पळत सुटलंय, आणि त्या गदारोळात जस्टिन हेवर्डच्या आवाजात 'फॉरेव्हर ऑटम' सुरू होतं. विरहाचं पद इतक्या अचूक जागी फार कमी वेळा ऐकायला मिळतं. त्याआधी मंगळावरून आलेल्या नळकांड्याचं झाकण आतून फिरायला लागतं, तो आवाज हेडफोनवर ऐकाच. अंगावर काटा येतो. बर्टनचे उच्चार संथ आणि स्वच्छ आहेत, त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्यालाही गोष्ट सुटत नाही.

उणीव म्हणजे लांबी. दीड तासाच्या वर चालणारा हा डबल अल्बम उत्तरार्धात रेंगाळतो. जमिनीखाली नवं जग वसवू पाहणाऱ्या सैनिकाचा भाग मला ताणलेला वाटतो. पुण्याला गाडीने निघालात तर कऱ्हाड मागे पडेपर्यंत पुरेल.

ओल्डफील्डकडे निवेदक नाही, पात्रं नाहीत. सूर्य फुटणार म्हणून माणसं पृथ्वी सोडतात आणि थलासा नावाच्या समुद्रग्रहावर थांबतात, एवढं कथानक माहीत असलं की बास. सुरुवातीलाच अपोलो ८च्या बिल अँडर्सचा आवाज येतो, १९६८च्या नाताळच्या आदल्या दिवशी चंद्राभोवती फिरताना बायबलमधली सृष्टीच्या उत्पत्तीची वचनं वाचणारा. पुढे कोरस, सिंथेसायझर, आणि सुरावरून सुरावर मींड घेत जाणारी गिटार. देवल क्लबच्या बैठकीत विलंबित ख्याल शांतपणे ऐकणाऱ्याला हा अल्बम मनापासून आवडेल. ज्याला ड्रम आणि गिटारचा दणका हवाय, त्याची निराशा होईल; यात रॉक कमीच आहे. संध्याकाळी रंकाळ्यावर हॉर्नच्या कलकलाटात लावू नका, हळू जागा सगळ्या बुडतात. गाणी एकमेकांत मिसळत जातात, म्हणून फोनवर शफल बंद ठेवा आणि तासभर सलग ऐका.

दणकाच हवा असेल तर एरियन या डच रॉक प्रकल्पाच्या 'युनिव्हर्सल मायग्रेटर' अल्बमचे दोन भाग (२०००) बघा. मंगळावर उरलेला शेवटचा माणूस स्वप्नयंत्रातून मागच्या जन्मांत शिरतो. पहिला भाग तरंगता, दुसरा सरळ मेटल, त्यात आयर्न मेडन या मेटल बँडचा ब्रूस डिकिन्सन गातो. पण हे नंतर.

वेन शोधताना एक सांभाळा. २०१२मध्ये लियाम नीसनच्या निवेदनाची नवी आवृत्ती निघाली आणि शोधात तीही समोर येते. पहिल्यांदा ऐकताना १९७८चीच घ्या, बर्टनचा आवाज असलेली.