दुबईची जुनी खाडी: दहा जणांचा ग्रुप, एक निवांत दिवस

नागपूरहून शारजाला थेट विमान, म्हणून आपल्याकडचे बरेच ग्रुप मुक्काम शारजात टाकतात आणि दुबईचा एकुलता एक दिवस मॉलमध्ये घालवतात. सोबत साठीपुढची मंडळी असतील तर त्यापेक्षा खाडीकाठ बरा. चालणं कमी, खर्च किरकोळ.

शारजाच्या अल जुबैल स्थानकावरून ई-३०६ बस अल घुबैबाला, म्हणजे खाडीपाशीच सोडते. नोल कार्ड, म्हणजे दुबईच्या बस-मेट्रोचं भाड्याचं कार्ड, प्रत्येकाचं वेगळं लागतं. सिल्व्हर कार्ड २५ दिरहमचं, त्यातले १९ प्रवासाला वापरता येतात. बसमध्ये चिवड्याची पिशवी उघडू नका, १०० दिरहम दंड आहे. सकाळी दुबईकडे आणि संध्याकाळी शारजाकडे रस्ता तुंबतो, म्हणून दहानंतर निघावं आणि रात्री नऊनंतर परतावं.

आधी अल फहिदी वस्ती. प्रवाळाच्या दगडाची घरं आणि वर बर्जील, म्हणजे चारही बाजूंनी उघडे वाऱ्याचे मनोरे. कुठूनही आलेला वारा आत वळून खालच्या खोलीत उतरतो. आपला खसाच्या ताट्यांचा कूलर इथे कामाचा नाही, कारण समुद्रकाठच्या दमट हवेत पाणी उडत नाही. तरी मे-जूनमध्ये हा बेत नकोच; नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

खाण्यात बलालीत मागवा: केशर-वेलचीच्या गोड शेवया, वर ऑम्लेट. शाकाहाऱ्यांनी ‘अंडं नको’ हे ऑर्डर देतानाच सांगावं, ताट आल्यावर नाही. लुकैमात म्हणजे खजुराच्या पाकातली गरम भजी. थंड झाली की चिवट होतात, म्हणून दोघांत एक प्लेट पुरे. इराणी दह्यातला कबाब मऊ असतो, पण सावजीची सवय असलेल्या जिभेला फिकाच लागेल. शुद्ध शाकाहारी जेवण मीना बाजारात सहज मिळतं.

इथेच बहुतेक ग्रुप फसतात: दुपारी एक ते चार खाडीपलीकडच्या बाजारातली अनेक दुकानं बंद असतात, शुक्रवारी तर आणखी उशिरा उघडतात. जेवण लांबवा, चारनंतरच अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, धरा. बुर दुबई ते देरा, माणशी १ दिरहम, रोख, नावाड्याच्या हातात. सुटे जवळ ठेवा. एका अब्रात साधारण वीस जण मावतात, त्यामुळे ग्रुप तुटत नाही. कठडा नाही आणि चढताना नाव हलते. गुडघे दुखणाऱ्यांना आधी बसवा. रोषणाईच्या जहाजावरचं महागडं जेवण या एका दिरहमपुढे फिकं आहे.

देऱ्याचा मसाला बाजार म्हणजे आपल्या नागपूरच्या इतवारी बाजाराची धाकटी बहीण. केशर घेताना दोन काड्या पाण्यात टाकून बघा: अस्सल हळूहळू पिवळा रंग सोडतं, रंगवलेलं लगेच लाल. वाळवलेलं काळं लिंबू जरूर आणा, वरणात छान लागतं. खसखस मात्र इथे दिसणार नाही. अमिरातीत ती बेकायदा आहे, बाळगल्यास तुरुंगवास होऊ शकतो. घरचा खसखस घातलेला सावजी मसाला डब्यात घालून नेणाऱ्यांनी तो नागपुरातच ठेवावा.

सोनं बाजारात दर फलकावरचा, घासाघीस फक्त घडणावळीवर. परदेशात वर्षभर राहून परतणाऱ्यांनाच दागिन्यांवर शुल्कमाफी मिळते. आठवड्याच्या सहलीला नाही. त्यामुळे बघायला भरपूर वेळ द्या, घ्यायचं असेल तर इतवारीच्या सराफ्यातला भाव आधी विचारून ठेवा.