गांजा ओढला कधी? लघवीची कोणती तपासणी किती सांगते

खेळाडूच्या लघवीत गांजा सापडला, म्हणजे त्याने तो कालच ओढला असं होत नाही. तपासणीत मोजतात ते कार्बॉक्सी-टीएचसी, म्हणजे टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) शरीरात मोडल्यावर उरणारा, नशा न करणारा अंश. टीएचसी चरबीत साठतं आणि तिथून सावकाश झिरपत राहतं. क्वचित ओढणाऱ्याच्या लघवीतून हा अंश काही दिवसांत जातो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही दिसू शकतो.

लघवीत बुडवायची झटपट पट्टी स्वस्त पडते. तिची मर्यादा बहुधा ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. चाळणी म्हणून ठीक, पण तिच्या जोरावर कुणाला संघाबाहेर काढू नये.

नियमाने कारवाई करायची तर ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची पद्धत: एकच नमुना, प्रयोगशाळेत नेमकं मोजमाप, ठरलेली मर्यादा. वाडाची गांजावरची बंदी फक्त स्पर्धाकाळापुरती आहे, म्हणून सुट्टीतल्या जुन्या झुरक्याला शिक्षा होऊ नये यासाठी २०१३ मध्ये मर्यादा १५ वरून १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली. मोजमापातली अनिश्चितता धरून १८० ओलांडल्यावरच दोष धरतात. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा स्नोबोर्डपटू रॉस रेबाग्लियातीचं सुवर्णपदक १७.८ नॅनोग्रॅमवर काढून घेतलं होतं (नंतर परत दिलं, ते वेगळ्या कारणाने). आज तेवढ्यावर प्रकरणच उभं राहणार नाही. तरी १५० म्हणजे ‘ताजं सेवन’ हे समीकरण कच्चंच आहे. सतत ओढणारा सोडल्यावरही काही दिवस त्याच्या वर राहू शकतो.

नवं सेवन झालं का, एवढाच प्रश्न असेल, तर माझं मत जोडनमुन्यांना. किमान २४ तासांच्या अंतराने दोन नमुने घ्यायचे आणि दोन्हींत कार्बॉक्सी-टीएचसीला क्रिएटिनिनने (लघवी किती दाट आहे हे सांगणारा, शरीरातून नेहमी बाहेर पडणारा घटक) भागायचं. वजन उतरवण्यासाठी घाम गाळलेल्या पैलवानाची लघवी दाट होते आणि नुसता आकडा फसवतो. समजा, पहिल्या नमुन्यात ६० नॅनोग्रॅम आणि क्रिएटिनिन ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दुसऱ्यात ९० आणि २२५. आकडा वाढला, पण क्रिएटिनिनच्या दर मिलिग्रॅममागे प्रमाण १०० नॅनोग्रॅमवरून ४० वर आलं. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ०.४. क्वचित ओढणाऱ्यासाठी ०.५ च्या आत राहिलं तर नवं सेवन नाही असं धरतात. काही जण १.५ ची रेघ वापरतात, म्हणजे ती ओलांडल्यावरच नवं सेवन धरतात. तीत निर्दोष माणूस सहसा अडकत नाही, पण बरेच निसटतात. संघातल्या देखरेखीला मी ०.५ घेईन, आरोप ठेवायचा असेल तर १.५. रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत मात्र ही सरळ भागाकाराची रीत डळमळते, त्याचं प्रमाण वरखाली होत राहतं.

काही तासांपूर्वीचंच सेवन हवं असेल तर लघवी सोडून रक्त घ्या. त्यात टीएचसी मिनिटांत चढतं आणि तासांत उतरतं, त्यामुळे सामना संपल्यावर सुई टोचायला उशीर झाला की संधी गेली.