मॅमथ सूर्यफुलाचं बी: माल चोख, पाकिटावरच्या सूचना मात्र भलत्याच

बी चांगलं आहे हे आधीच सांगून टाकते. टपोरं, करड्या पट्ट्यांचं, पोचट दाणे जवळजवळ नाहीतच, ओलसर मातीत आठवडाभरात बहुतेक सगळं उगवून आलं. मॅमथ जात 9 ते 12 फूट जाते आणि माझी झाडंही शेडच्या पत्र्याच्या वर निघाली, खोड तर मनगटाएवढं जाड. पाकिटावर "विक्रमी उंची" छापलंय ते सोडून द्या, 2014 साली जर्मनीत 9.17 मीटरचं झाड नोंदलं गेलंय, एवढं काही होत नसतं घरी.

खरी गडबड मागच्या बाजूला. म्हणे ट्रेमध्ये रोपं करा आणि वीतभर झाली की जमिनीत लावा. अहो सूर्यफुलाला सोटमूळ असतं, ते पटकन खोल जातं आणि उपटाउपटीत दुखावलं की रोप जगतं पण उंचीला मार बसतो. मी मुद्दाम थोडं ट्रेमध्ये केलं आणि बाकीचं थेट वाफ्यात इंचभर खोल टोचलं, दोन बियांत दीड-दोन फूट सोडून, आणि वाफ्यातलं शेवटपर्यंत ट्रेवाल्यांच्या हातभर पुढेच राहिलं. उंचीच्या नादात युरिया पण मारू नका हां, नत्र जास्त झालं की पानंच पानं, खोड लुसलुशीत, जोराचा वारा आला की झाड आडवं!

आधाराबद्दल तर पाकिटावर एक अक्षर नाही. काठी रोप लहान असतानाच रोवायची, नंतर रोवली तर मुळं तुटतात. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधायची, खोड जाड होत जातं तशी ती रुतते, त्यामुळे अधूनमधून सोडून परत बांधावी लागते, आणि खोडावरची लव इतकी खरखरीत की हात खाजतात.

अजून एक, फोटोत एका झाडाला पाच-सहा फुलं दाखवलीत, पण मॅमथला एका खोडाला एकच डोकं येतं, शेंडा खुडायला जाऊ नका. उमललेलं फूल सूर्यामागे फिरत नाही, ते काम कोवळ्या रोपांचं, मोठं फूल पूर्वेकडे तोंड करून थांबतं. म्हणजे तुमची खिडकी झाडाच्या पश्चिमेला असेल तर फक्त पाठ बघत बसाल.

पाचपैकी चार स्टार, एक सूचनांचा कापला. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे "मॅडम, सगळ्या फुलांना तोच मजकूर छापतो आम्ही." बाल्कनीत छोट्या कुंड्या असतील तर हे घेऊच नका, बुटकी जात बघा.