हायबरनेटमधून उठताना पेज टेबल कुठलं: आहे तेच वापरायचं की तात्पुरतं बांधायचं?

लिनक्स हायबरनेटमधून (रॅम डिस्कवर साठवून मशीन बंद केल्यावर) उठतं तेव्हा एकाच रॅमवर दोन कर्नल, म्हणजे सिस्टिमचे गाभे, हक्क सांगत असतात. ताजं बूट झालेलं कर्नल डिस्कवरच्या स्वॅपमधली इमेज (झोपताना साठवलेली रॅमची प्रत) वाचतं आणि झोपलेल्या कर्नलची पानं जिथली तिथे ठेवायला घेतं. त्यातल्या काही जागांवर ते स्वतःच बसलेलं असतं. ती पानं तात्पुरती दुसरीकडे ठेवून सगळ्यात शेवटी एक छोटा लूप मूळ फ्रेममध्ये (रॅममधल्या त्यांच्या जागेत) उतरवतो. त्या क्षणी प्रोसेसर ज्या पेज टेबलवरून (आभासी पत्ता रॅममध्ये कुठे ते सांगणारा तक्ता) पत्ते शोधतोय, त्यावरच ही कॉपी पडली तर बसल्या फांदीवर कुऱ्हाड. नव्या बोर्डवर हायबरनेट आणणाऱ्याला हे आधीच ठरवावं लागतं.

३२-बिट एआरएमने सोपी वाट धरली आहे. कर्नलकडे आधीपासून असलेल्या आयडेंटिटी मॅपवर (आभासी आणि खरा पत्ता एकच असलेलं टेबल) जायचं, कॉपी करायची, उडी मारायची. कोड इवलासा. मात्र बूट होणारं आणि झोपलेलं कर्नल एकच असलं पाहिजे. (एमआयपीएसची तर चैनच: केसेग-० या ठरलेल्या पट्ट्यातले पत्ते टेबलातून जातच नाहीत.)

एक्स८६-६४ इमेजमधल्या कुठल्याच पानाची मूळ जागा नसलेली ‘सेफ’ पानं शोधून त्यांत नवं टेबल बांधतं आणि कॉपीचा लूपही तिथेच हलवतं. खर्च किरकोळ आहे. २ एमबीच्या मोठ्या पानांनी मॅप केलं तर १ जीबीला ४ केबीचं एक टेबल-पान, म्हणजे १६ जीबीला १६ आणि वरच्या पातळ्यांची मोजकी. एआरएम६४ लिनिअर मॅपचीच (सगळी रॅम ओळीने दाखवणारा कर्नलचा मॅप) प्रत काढतं. तो मॅप ४ केबीच्या पानांचा असेल तर तेवढ्याच रॅमला ३२ एमबी लागतात. शिवाय तिथे एका टेबलवरून थेट दुसऱ्यावर जायची मुभा नाही. मध्ये रिकामं टेबल लावून टीएलबी (शोधलेले पत्ते लक्षात ठेवणारा प्रोसेसरमधला कॅश) साफ करावा लागतो.

अर्धवट तडजोड मात्र करू नका. एक्स८६-६४ तात्पुरतं टेबल बांधत होतं, पण कर्नल टेक्स्टचं (कर्नलच्या कोडचं) मॅपिंग बूट कर्नलकडूनच उसनं घेत होतं. वर्षानुवर्षं चाललं. मग सुरक्षेसाठी केलेल्या एका निरुपद्रवी बदलाने मोठ्या पानाचे तुकडे झाले, त्यांचं टेबल भलत्याच फ्रेममध्ये जाऊन बसलं आणि कधीकधी इमेजखाली गाडलं जाऊ लागलं. शेवटची उडी थेट शून्यात. २०१६ मध्ये ४.८ आवृत्तीत हे मॅपिंगही सेफ पानांत गेलं. त्याच आवृत्तीपासून केएएसएलआर (दर बूटला कर्नलचा पत्ता बदलणारी सुरक्षा-सोय) आणि हायबरनेट तिथे एकत्र नांदू लागले.

रॅम थोडी, कर्नल एकच आणि पत्ते ठरलेले असतील तर पहिली वाट पुरे. बाकी सगळीकडे मी दुसरीच घेईन. इथली चूक शोधणं महाकठीण असतं: स्क्रीन काळी, लॉग गायब. चाचणीला ‘टेस्ट_रिझ्यूम’ (मशीन बंद न करता इमेज लिहून लगेच उघडणं) सोयीचं आहे, पण त्यात इमेज लिहिणारं कर्नलच ती परत उघडतं, त्यामुळे टेक्स्टचा पत्ता बदलत नाही आणि नेमका हाच दोष लपतो. केएएसएलआर चालू ठेवून खरोखर बंद-चालू करा, तेही बऱ्याच वेळा.